महिला हॉकी: प्रशिक्षक पुन्हा बदलले, पण कार्यालयाचा हिशेब कोण मागणार?

डावी_विंग | रविवार, सकाळी ९:१०

मंडळी, शुक्रवारी बातमी वाचल्यापासून डोक्यात हेच चालू आहे, म्हणून धागा काढते. शोर्ड मरिन पुन्हा भारतीय महिला हॉकी संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

मला आनंद झाला, हे आधी सांगते. २ ऑगस्ट २०२१ ची सकाळ मी जन्मात विसरणार नाही. टोकियो ऑलिंपिक, समोर ऑस्ट्रेलिया, उपांत्यपूर्व सामना. गुरजीत कौरने पेनल्टी कॉर्नरवर गोल मारला आणि पुढची जवळजवळ चाळीस मिनिटं सविता गोलपुढे भिंतीसारखी उभी राहिली. बाबा दाढी करता करता बाहेर आले होते. सामना संपेपर्यंत त्यांच्या गालावरचा साबण वाळून गेला. १-० ने जिंकलो तेव्हा आम्ही दोघं रडत होतो. मी जिल्ह्यापर्यंत खेळलेली, माझ्या आयुष्यात असा दिवस येईल असं कधी वाटलं नव्हतं.

पण आता त्या खुर्चीचा प्रवास बघा. फेब्रुवारी २०१७ मध्ये मरिन महिला संघाकडे आले. सप्टेंबरमध्ये त्यांना उचलून पुरुष संघावर नेलं आणि महिलांकडे हरेंद्र सिंग. मे २०१८ मध्ये पुन्हा अदलाबदल: हरेंद्र पुरुषांकडे, मरिन महिलांकडे. टोकियोनंतर मरिन गेले, यानेके शॉपमन आल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, एप्रिलमध्ये हरेंद्र परत. १ डिसेंबर २०२५ ला हरेंद्र यांचा वैयक्तिक कारणासाठी राजीनामा. आणि आता परत मरिन.

म्हणजे नऊ वर्षांत मधली शॉपमन यांची अडीच वर्षं सोडली तर दोनच माणसं आलटून पालटून. दोघंही चांगले प्रशिक्षक आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. हरेंद्र यांनी २०१६ ला ज्युनियर मुलांना लखनौमध्ये विश्वचषक जिंकून दिलाय. माझा प्रश्न त्यांना नेमणाऱ्यांना आहे. १९ जानेवारी २०२४ ला रांचीत ऑलिंपिक पात्रता स्पर्धेच्या तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात जपानकडून ०-१ हरलो आणि पॅरिसची दारं बंद झाली. टोकियोत चौथा आलेला संघ अडीच वर्षांत पात्रही ठरला नाही. त्यानंतर प्रो लीग या अव्वल देशांच्या स्पर्धेच्या २०२४-२५ च्या मोसमात नऊ संघांत नववे, १६ सामन्यांत १० गुण, आणि खालच्या नेशन्स कपमध्ये रवानगी. या दोन्हींनंतर हॉकी इंडियाने, म्हणजे आपल्या राष्ट्रीय संघटनेने, नेमकं काय तपासलं, काय चुकलं असं ठरवलं, हे कुणी कुठे वाचलंय का? मी शोधून दमले. आभाराचं पत्रक निघतं, नव्या नेमणुकीचं पत्रक निघतं, मधलं पान कायम कोरं.

मनापासून विचारते. तुम्हाला काय वाटतं?

आकडेमोड | रविवार, सकाळी १०:०५

ताई, तळमळ पोचली. पण मी थोडी दुसरी बाजू मांडतो, कारण अशा धाग्यांवर हरलेले सामनेच मोजले जातात.

सप्टेंबर २०२२ मध्ये दिलीप तिर्की हॉकी इंडियाचे अध्यक्ष झाले. तीन ऑलिंपिक खेळलेला, चारशेहून जास्त आंतरराष्ट्रीय सामन्यांचा बचावपटू. ओडिशातल्या सुंदरगढच्या मातीतून आलेला माणूस. याआधी या खेळाच्या गादीवर पोलीस अधिकारी बसले, राजकारणी बसले, उद्योजक बसले. खेळाडू बसावा ही आपणच कित्येक वर्षं केलेली मागणी होती.

त्यांच्याच काळात पुरुष संघाला पॅरिसमध्ये कांस्य मिळालं, सलग दुसरं. महिलांनी २०२३ ला रांचीत आणि २०२४ ला राजगीरमध्ये आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकला. राजगीरच्या अंतिम सामन्यात ज्या चीनला हरवलं, तो चीन तीन महिन्यांपूर्वी पॅरिसचं रौप्य घेऊन आला होता. ज्युनियर मुलींनी २०२३ आणि २०२४ असा दोनदा आशिया चषक आणला. आणि जानेवारी २०२५ मध्ये मुलींची हॉकी इंडिया लीग सुरू झाली, इतिहासात पहिल्यांदा. ओडिशा सरकारचं प्रायोजकत्व २०३६ पर्यंत वाढलंय. हे सगळं आपोआप होत नाही, कार्यालयात बसून कुणीतरी करतं.

रांचीचं म्हणाल तर उपांत्य सामन्यात जर्मनीशी २-२ बरोबरी होती, शूटआऊटमध्ये ३-४ ने गेलो. तो एक फटका आत गेला असता तर पॅरिसचं तिकीट हातात होतं आणि आज हा धागा निघाला नसता. एका शूटआऊटवरून अख्खं कार्यालय मोडीत काढू नये असं मला वाटतं.

खडकी_बाजार | रविवार, सकाळी ११:३०

आकडेमोड, तुमचे आकडे बरोबर आहेत. पण मी वयाने मोठा आहे आणि माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

आम्ही खडकीची मुलं. धनराज पिल्ले आमच्याच गल्ल्यांमधून वर गेला. डिसेंबर १९९८ ला बँकॉकला आशियाई सुवर्ण मिळालं, तेही ३२ वर्षांनी, आणि कर्णधार धनराज. खडकीत आम्ही फटाके लावले. काही आठवड्यांनी संघ जाहीर झाला तर धनराज नाही, आणखी सहा जण नाहीत. विश्रांती दिली म्हणाले. पोरांनी भत्त्याबद्दल आणि सोयींबद्दल तोंड उघडलं होतं, त्याची ही शिक्षा आहे हे लहान पोरालाही कळत होतं. कौशिक यांच्यासारख्या सुवर्ण मिळवून देणाऱ्या प्रशिक्षकालाही घरी पाठवलं.

तेव्हा आम्ही काय केलं? चार दिवस चिडलो आणि गप्प बसलो. त्याची किंमत दहा वर्षांनी चुकवली. मार्च २००८, चिलीतलं सँटियागो, इंग्लंड-स्कॉटलंडवाल्यांच्या ब्रिटनकडून ०-२. १९२८ पासून पहिल्यांदा भारताचा हॉकी संघ ऑलिंपिकला नाही. राजीनामा कुणी दिला? प्रशिक्षक जोकिम कार्व्हालो, आपला मुंबईचा. कार्यालयातले हलले नाहीत. पुढच्या महिन्यात सरचिटणीस ज्योतिकुमारन खेळाडूच्या निवडीसाठी पैसे घेताना कॅमेऱ्यात दिसले, तेव्हा कुठे ती संघटना, म्हणजे तेव्हाचा भारतीय हॉकी महासंघ, निलंबित झाली. तोवर के. पी. एस. गिल अध्यक्षपदावर चौदा वर्षं होते.

आजची माणसं तशी आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. तिर्कींना मी खेळताना पाहिलंय, त्यांच्याबद्दल आदर आहे. पण कार्यालयात कीड लागली की ती मैदानावर दिसायला वेळ लागतो. दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून डावी_विंग विचारतेय ते आजच विचारायला हवं.

सेंटर_हाफ_सोलापूर | रविवार, दुपारी १२:१२

काकांना शंभर टक्के अनुमोदन. २००८ ला मी दहावीत होतो. दुसऱ्या दिवशी आमचे सर मैदानावर आलेच नाहीत.

ॲमस्टलवीनकर | रविवार, दुपारी २:४०

मी गेली अकरा वर्षं इथे नेदरलँड्समध्ये, वागेनर स्टेडियमपासून सायकलवर दहा मिनिटांवर राहतो. यंदा, ऑगस्ट २०२६ मध्ये, विश्वचषकाचे सामने इथेच आहेत, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

एक गोष्ट सांगतो, ती इथे बसून जास्त टोचते. २०१५ आठवतंय? पॉल व्हॅन आस भारतीय पुरुष संघाचे प्रशिक्षक होते. अँटवर्पच्या स्पर्धेत तेव्हाच्या अध्यक्षांशी खटका उडाला आणि काही आठवड्यांत त्यांचं पद गेलं. तेच व्हॅन आस पुढे डच महिला संघाचे प्रशिक्षक झाले आणि पॅरिसमध्ये सुवर्ण जिंकले. त्या अंतिम सामन्यात समोर कोण होतं? चीन. चीनच्या प्रशिक्षक कोण? ॲलिसन ॲनन. या ॲनन बाईंनी टोकियोत डच मुलींना सुवर्ण मिळवून दिलं होतं. नंतर संघातल्या वातावरणाबद्दल तक्रारी आल्या, डच संघटनेने चौकशी केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ऑलिंपिक विजेती प्रशिक्षक पायउतार झाली. सुवर्णपदक आहे म्हणून प्रश्न झाकला नाही.

आता जोडून बघा. प्रशिक्षक तेच वीस-पंचवीस जण आहेत, जगभर फिरतात. आपण काढून टाकलेला इथे सुवर्ण जिंकतो, इथून गेलेली चीनला रौप्य देते. आणि त्या चीनकडून आपण हांगझोऊत दोनदा मार खाल्ला: २०२३ ला आशियाई स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात ०-४, आणि सप्टेंबर २०२५ ला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात १-४. तो सामना जिंकलो असतो तर विश्वचषकाचं तिकीट थेट होतं. माणसं इथूनतिथून सारखीच, मग फरक कुठे पडतो? त्यांना बोलावणाऱ्या, सांभाळणाऱ्या आणि प्रश्न विचारणाऱ्या कार्यालयात पडतो.

आकडेमोड, शूटआऊटचा एक फटका म्हणालात. पण त्या स्पर्धेत आपण पहिलाच सामना अमेरिकेकडून ०-१ हरलो होतो, घरच्या मैदानावर. आणि जपानविरुद्ध सहाव्या मिनिटाला मागे पडल्यावर उरलेल्या चोपन्न मिनिटांत एक गोल झाला नाही, पेनल्टी कॉर्नर मिळत होते तरी. तिथे नशिबाला दोष देता येत नाही.

नीरा_उजवा_कालवा | रविवार, संध्याकाळी ७:२५

मी सहसा लिहीत नाही, वाचतो. फलटण भागात शाळेत क्रीडाशिक्षक आहे. पेनल्टी कॉर्नरचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

आमच्या तालुक्याने भारतीय संघाला तीन मुली दिल्या आहेत. अक्षता ढेकळे वाखरीची, वैष्णवी फाळके आसूची, आणि ऋतुजा पिसाळ. सगळ्या शेतकऱ्यांच्या घरच्या. २६ जानेवारी २०२५ ला मुलींच्या लीगचा पहिला अंतिम सामना झाला, ओडिशा वॉरियर्स २, सूरमा १. वॉरियर्सचे दोन्ही गोल ऋतुजाचे. आमच्या शाळेत झेंडावंदन झालं आणि संध्याकाळी निम्म्या मुली एका मोबाईलभोवती. दुसऱ्या गोलनंतर एक मुलगी मला म्हणाली, "सर, ही आपल्याच मातीवर शिकली ना?" मी हो म्हणालो, आणि मला आतून वाईट वाटलं. का ते सांगतो.

पेनल्टी कॉर्नर म्हणजे फक्त ड्रॅग फ्लिक मारणारी नव्हे. तीन मुलींची साखळी असते. पहिली इंजेक्ट करणारी. ती गोलखांबापासून दहा मीटरवर, मागच्या रेषेवर चेंडू ठेवते, एक पाय रेषेबाहेर. चेंडू जोरात, सरळ, जमिनीला चिकटून बाहेर जायला हवा. दुसरी थांबवणारी. ती डीच्या (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या) बाहेर काठी जवळजवळ आडवी टाकून चेंडू जागच्या जागी थांबवते. तिसरी फ्लिकर. ती चेंडू काठीच्या दांड्यावर घेऊन ओढत आणते आणि शेवटच्या लांब पावलावर सोडते. समोरून मुखवटा आणि गुडघ्याचे गार्ड बांधून पहिली धावणारी बचावपटू सुटलेली असते. सगळं मिळून दीडएक सेकंदाचा खेळ. पहिलीचा चेंडू वीतभर उडाला की थांबवणारीची काठी चुकते, आणि फ्लिकर जगातली सगळ्यात भारी असली तरी तिच्या हातात काही उरत नाही.

आमच्या मैदानावर माती आहे. मी रोज सकाळी पाणी मारून, रोलर फिरवून घेतो, तरी चेंडू टप्पा घेतो. म्हणजे माझी इंजेक्ट करणारी जे शिकते ते टर्फवर (कृत्रिम गवतावर) उपयोगाचं नाही आणि थांबवणारी तर उडत्या चेंडूची सवय लावून घेते. टर्फवर पहिल्यांदा पाय पडतो तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली तर. तेव्हा मुलगी तेरा-चौदा वर्षांची. निवड नाही झाली तर स्पर्धेपुरता. नेदरलँड्सची मुलगी सहाव्या वर्षी टर्फवर असते, बरोबर ना ॲमस्टलवीनकर?

गुरजीत बाजूला झाल्यावर तिच्या तोडीची फ्लिकर आपल्याला मिळाली नाही, हे सगळे म्हणतात. दीपिका चांगली आहे, राजगीरला सगळ्यात जास्त गोल तिचे. पण आशिया चषकाला ती दुखापतीने नव्हती आणि दुसरी कुणी तयार नव्हती. माझ्या अनुभवाने फ्लिकर घडायला चार-पाच वर्षं लागतात. म्हणजे २०२५ ला लागणारी मुलगी २०२० ला कुणीतरी हेरून ठेवायला हवी होती. हे काम मुख्य प्रशिक्षकाचं नाही. तो दोन वर्षांसाठी येतो. हे काम कार्यालयाचं आहे आणि तिथेच माझा राग आहे.

गोलकीपरची_आई | रविवार, रात्री ९:५०

सर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझी मुलगी गोलकीपर आहे, सतरा वर्षांची.

आमच्यासारख्यांना दिल्लीत कोण अध्यक्ष आहे यापेक्षा स्पर्धेची तारीख कधी कळते हे जास्त महत्त्वाचं असतं. गेल्या वर्षी एका स्पर्धेची तारीख निघायच्या पाच दिवस आधी बदलली. आरक्षण मिळालं नाही. पोर पॅड, किकर, हेल्मेट, छातीचं गार्ड भरलेली तिच्याएवढी पिशवी घेऊन गर्दीच्या डब्यात दाराशी सोळा तास बसून गेली. तिच्या बाबांनी परतीला घ्यायला गेल्यावर फोटो पाठवला, ती पिशवीवर डोकं ठेवून झोपली होती. कुणाचं नाव घेत नाही, माझी तक्रार एका माणसाबद्दल नाहीच.

पण म्हणूनच २०२४ चा फेब्रुवारी माझ्या मनातून जात नाही. यानेके शॉपमन जाताना उघड म्हणाल्या की इथे आपल्या कामाला, शब्दाला किंमत दिली जात नाही, आणि पुरुष व महिला संघांना वेगळी वागणूक मिळते. चारच दिवसांत एलेना नॉर्मन यांनीही मुख्य कार्यकारी अधिकारीपद सोडलं. तेरा वर्षं तिथे काम केलेली बाई, आणि त्याही म्हणाल्या की दोन गटांच्या ओढाताणीत काम करणं अवघड झालंय. संघटनेने हे फेटाळलं, अध्यक्ष आणि सरचिटणीस भोलानाथ सिंह यांनी मिळून पत्रक काढलं की गट वगैरे काही नाहीत.

खरं-खोटं मला माहीत नाही. पण एकाच आठवड्यात दोन बायका, एक मैदानावरची आणि एक कार्यालयातली, जवळजवळ तेच सांगून जातात, तर घरातला कर्ता माणूस पत्रक काढून थांबत नाही. तो बसवून विचारतो, काय झालं. माझ्या मुलीला मी या खेळात पुढे पाठवू की नको, हा माझा रोजचा प्रश्न आहे.

डावी_विंग | रविवार, रात्री १०:३५

ताई, पाठवा. कृपा करून पाठवा. आणि हा प्रश्न विचारत राहू आपण सगळे.

आकडेमोड | सोमवार, सकाळी ८:२०

रात्रभर विचार केला. गोलकीपरची_आई, तुमच्या प्रतिसादापुढे माझे आकडे मांडायला संकोच वाटतो, तरी दोन मुद्दे प्रामाणिकपणे मांडतो.

एक, टर्फ. खेळ हा राज्याचा विषय आहे. फलटणला टर्फ हवं तर ते राज्य सरकारने, जिल्हा नियोजनातून, घालायचं आहे. ओडिशात सरकारने मनावर घेतलं म्हणून सुंदरगढमध्ये गटागटात टर्फ आली आणि राउरकेलाला वीस हजार आसनांचं स्टेडियम उभं राहिलं. महाराष्ट्रात बालेवाडी, पिंपरीचं नेहरूनगर, मुंबईचं चर्चगेट आणि आणखी मोजकी ठिकाणं. याचं उत्तर हॉकी इंडियाकडे मागून मिळणार नाही, मुंबईत मागावं लागेल.

दोन, पुरुष संघही याच कार्यालयाखाली आहे. जानेवारी २०२३ ला घरच्या विश्वचषकात तो नववा आला, ग्रॅहम रीड यांनी राजीनामा दिला, क्रेग फुल्टन आले आणि दीड वर्षात पॅरिसचं कांस्य. म्हणजे हेच कार्यालय योग्य माणूस आणून त्याला वेळ देऊ शकतं.

पण लिहिता लिहिता माझ्याच लक्षात आलं की हा दुसरा मुद्दा माझ्या विरुद्ध जातो. पुरुषांच्या बाबतीत जे जमलं ते महिलांच्या बाबतीत का जमलं नाही? फुल्टन यांना २०२५ च्या प्रो लीगमध्ये युरोपात सलग सात पराभव झाले तरी कुणी हात लावला नाही, आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी राजगीरला कोरियाला ४-१ हरवून आशिया चषक आणि विश्वचषकाचं तिकीट आणलं. तो धीर महिला संघाच्या वाट्याला येत नाही. हे मान्य करतो. आढावा जाहीर व्हायला हवा या मागणीला माझा पाठिंबा. अध्यक्षांनी जावं या मागणीला मात्र नाही.

खडकी_बाजार | सोमवार, सकाळी ९:००

अध्यक्षांनी जावं असं मीही म्हणत नाही. चार वर्षांची मुदत यंदा पुरी होते, निवडणुकीत काय ते होईल. आणि आकडेमोड, मोठ्या मनाने लिहिलंत. पटलं की पटलं म्हणणारी माणसं कमी भेटतात.

ॲमस्टलवीनकर | सोमवार, दुपारी १:१५

सर, हो. सहाव्या वर्षी. शनिवारी सकाळी क्लबवर गेलं तर टर्फचा पाव तुकडा करून चिमुरडी खेळत असतात, आणि शिकवणारे त्यांचेच आईबाप किंवा क्लबच्या मोठ्या मुली. माझी मुलगी तिथेच शिकली. पण मला इथल्या पैशांपेक्षा एका गोष्टीचा हेवा वाटतो. हरलेल्या स्पर्धेनंतर इथे वर्तमानपत्रं संघटनेच्या तांत्रिक संचालकाला नाव घेऊन विचारतात आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडे त्या पदावर कोण आहे हे शंभरातल्या किती चाहत्यांना सांगता येईल? डेव्हिड जॉन यांनी ऑगस्ट २०२० मध्ये हाय परफॉर्मन्स डायरेक्टरचं पद सोडलं, तेही ऑलिंपिक वर्षभरावर आलेलं असताना. सरांनी म्हटलेली पाच वर्षांनी लागणारी फ्लिकर हेरून ठेवायची ती याच खुर्चीवरच्या माणसाने. मुख्य प्रशिक्षक बदलला तरी ही खुर्ची हलता कामा नये.

आशेची एक गोष्ट. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. त्यात संघटनेच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त पंधरा जण, त्यांत किमान चार महिला आणि दोन नामवंत खेळाडू अशी अट आहे. खेळाडूंची समितीही हवी. राणी रामपाल, वंदना कटारिया आता निवृत्त आहेत. वंदना ३२० सामने खेळली. अशा मुलींना त्या टेबलावर खरोखर बोलता आलं तर काहीतरी बदलेल.

डावी_विंग | सोमवार, रात्री ८:४०

सगळ्यांचे आभार. धागा काढताना मला वाटत होतं माझा राग दोन-चार जणांना पटेल. आता रागापेक्षा काय मागायचं हे जास्त स्पष्ट झालंय.

आकडेमोड, टर्फचं तुमचं बरोबर आहे, ते मुंबईत मागू. पण प्रो लीगमधून घसरण झाली त्याचा अर्थ काय ते एकदा बघा. तिथे वर्षाला सोळा सामने नेदरलँड्स, अर्जेंटिना, बेल्जियम, ऑस्ट्रेलियाशी मिळत होते. जून २०२५ ला बर्लिनमध्ये चीनकडून ०-३ आणि २-३ असे लागोपाठ हरलो आणि ते दार लागलं. आता त्या संघांशी खेळायचं तर विश्वचषकात किंवा दौरे ठरवून. ऋतुजा, वैष्णवीसारख्या मुलींची ही खेळायची वर्षं आहेत. २०२६ मध्ये पुढे मार्चला हैदराबादची विश्वचषक पात्रता, मग नेशन्स कप, ऑगस्टला विश्वचषक, सप्टेंबरला नागोयाची आशियाई स्पर्धा, जिथलं सुवर्ण म्हणजे लॉस एंजेलिसचं थेट तिकीट. मरिन यांना हैदराबादआधी जेमतेम दोन महिने मिळताहेत. निवडसमिती, शिबिर, दुखापतीतून परतणाऱ्या मुली, सगळं यातच. इतक्या उशिरा ही वेळ का आली, हा साधा प्रश्न आहे.

मी पत्र लिहितेय, हॉकी इंडियाला आणि आपल्या राज्य संघटनेला. तीनच गोष्टी मागायच्या. रांचीनंतरचा आणि प्रो लीगनंतरचा आढावा जाहीर करा. ड्रॅग फ्लिक, इंजेक्शन आणि स्टॉपिंगसाठी सतरा वर्षांखालच्या मुलींचं वेगळं, कायमचं शिबिर चालवा, त्यात टर्फ नसलेल्या तालुक्यांतल्या मुलींना जागा ठेवा. आणि वयोगटांच्या स्पर्धांची तारीख एकदा जाहीर झाली की महिनाभर आधीपर्यंतच बदलता येईल असा नियम करा. तिसरी मागणी गोलकीपरच्या आईंची आहे, ती मी पहिल्या क्रमांकावर टाकणार आहे. ज्यांना सही करायची त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खडकी_बाजार | सोमवार, रात्री ९:०५

माझी सही धर. खडकीतल्या जुन्या खेळाडूंच्या चाळीस सह्या मी कागदावर आणून देतो. १९९८ ला हे करायला हवं होतं.

आकडेमोड | सोमवार, रात्री ९:२२

माझीही. पत्राला जोडायला २०१७ पासूनचे निकाल एका पानावर मांडून देतो. जिंकलेलेही टाकणार.

गोलकीपरची_आई | सोमवार, रात्री १०:१०

सही आहेच. सर, एक विचारायचं होतं. हैदराबादचे सामने बघायला तुमच्या शाळेच्या मुली जाणार आहेत का? माझी एकटी जायचं म्हणतेय, मला धीर होत नाही.

नीरा_उजवा_कालवा | मंगळवार, सकाळी ६:४०

जाणार आहोत. नऊ मुली, मी आणि आमच्या एक मॅडम. पालकांची संमतीपत्रं घेतोय, सहा आली. सोलापूरवरून रात्रीची गाडी बघतोय. तुमच्या मुलीला आमच्यात पाठवा, मॅडमचा नंबर व्यनितून देतो.

तिला सांगा, शक्यतो गोलच्या मागची जागा धरणार आहोत, ज्या बाजूने आपल्या मुली कॉर्नर इंजेक्ट करतील तिकडची. टीव्हीवर कॅमेरा फ्लिकरवर असतो, इंजेक्ट करणारीचा हात कधी नीट दिसत नाही. माझ्या इंजेक्ट करणाऱ्या मुलीला तो हात जवळून बघायचा आहे. आता मैदानावर निघतो, पाणी मारायचं राहिलंय.